ताट तसंच परत जातंय? बाळंतिणीची भूक परत आणायचा क्रम

सकाळी आठला डिंकाचा लाडू. नऊला पेलाभर दूध. साडेबाराला दोन भाकऱ्या, शेपूची भाजी, आळणी वरण आणि वर ओतलेलं तूप. बाळंतीण अर्धी भाकरी कशीबशी खाते आणि ताट सरकवते. संध्याकाळी कुणीतरी म्हणतं, "खात नाही म्हणून दूध उतरत नाही." दुसऱ्या दिवशी ताट आणखी भरलेलं येतं आणि तसंच परत जातं.

माझ्या पहिल्या बाळंतपणात हेच झालं. बारशापर्यंत मला तुपाचा वासही नकोसा झाला होता आणि घरातल्यांना वाटत होतं, मी हट्ट करतेय. दुसऱ्या खेपेला पदार्थ तेच ठेवले, क्रम बदलला. पुढे धाकट्या बहिणीच्या बाळंतपणातही तोच क्रम पाळला. आधी भूक का गेली ते बघायचं, मग घोट, मग घास, मग ताट. लाडू सगळ्यात शेवटी.

## १. तयारी: सातव्या-आठव्या महिन्यात, नाहीतर आज दुपारीच

जबाबदारी एकाच माणसाची ठरवा. आई, सासूबाई, नवरा, मावशी, कुणीही चालेल. तिघीजणी लक्ष ठेवत असल्या की प्रत्येकीला वाटतं, दुसरीने दिलं असेल. या माणसाने "भूक लागली का?" असं विचारायचं नाही, ठरल्या वेळी वाटी हातात द्यायची. माहेर लांब असेल, दोघांचाच संसार असेल, तर हे काम नवऱ्याचं. त्याला भाकरी येत नसली तरी मऊ भात आणि मुगाचं वरण कुकरमध्ये एकदम लावता येतं.

पाजायच्या जागेजवळ एक स्टूल मांडा. त्यावर एका हाताने उघडणारी पाण्याची बाटली, कोमट पाण्याचा थर्मास आणि झाकणाचा डबा ठेवा. बाळ एका हातावर असतं, म्हणून डब्यातलं सगळं दुसऱ्या हाताने खाता येईल असं हवं: खजूर, भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, सोललेली फळं, छोट्या थालीपिठाचे तुकडे. पहिल्या खेपेला माझं निम्मं खाणं केवळ ताट स्वयंपाकघरात आणि मी खोलीत असल्यामुळे बुडलं.

कोरडी तयारी. सालीची मूगडाळ आणि तांदळाची कणी वेगवेगळी भाजून ठेवा, कढण आणि पेज दहा-पंधरा मिनिटांत होते. मेतकूट, नाचणीचं सत्त्व, खारकेची पूड, सुंठ, जिरेपूड भरून ठेवा. बाळंतशोपा, ओवा, तीळ आणि खोबरं भाजून सैंधव घातलेली बाळंतसुपारी (जेवणानंतरची मुखशुद्धी) छोट्या बरणीत करून ठेवा.

नोंदणी. अंगणवाडीत नाव घातलेलं असेल तर बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत आईलाही आहार मिळतो. आदिवासी भागात २०१५पासून सुरू असलेल्या अमृत आहार योजनेत एक वेळचं गरम पूर्ण जेवण मिळतं. सरकारी रुग्णालयात साध्या बाळंतपणात ३ दिवस आणि सिझेरियनमध्ये ७ दिवस जेवण मोफत असतं. हे अन्न आईच्या वाट्याचं आहे, घरातल्या पाच जणांत वाटायचं नाही.

> नेहमीची चूक: डिंक, मेथी आणि अळीव अशा तिन्ही लाडवांचे डबे बाळंतपणाआधीच भरून ठेवणं. अळिवाच्या लाडवात ओलं खोबरं असतं, तो फ्रीजमध्येही पाच-सहा दिवसांपलीकडे ठेवू नये. आणि डबे भरलेले असले की ते संपवायचा आग्रह सुरू होतो.

## २. भूक का गेली ते आधी शोधा

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस अन्नावरची वासना उडणं साहजिक आहे. चार-पाच दिवसांनंतरही घास आत जात नसेल, तर पुढचे प्रश्न एकेक करून विचारा. बहुतेक वेळा उत्तर यातच सापडतं.

- पोट कधी साफ झालं? तीन दिवस झाले असतील तर आधी चौथा टप्पा वाचा.
- टाके दुखतात का? बसून जेवणं हीच शिक्षा वाटत असेल, तर कुशीवर रेलून वाटीतून खाऊ द्या आणि वेदनाशामक गोळी जेवणाआधी घ्यावी की नंतर, ते डॉक्टरांना विचारा.
- नवीन गोळ्या सुरू झाल्यात का? लोहाच्या गोळीने मळमळ होते, अँटिबायोटिकने तोंड कडू होतं.
- सलग किती झोप मिळते? दोन-दोन तासांच्या तुकड्यांवर आठवडा काढलेल्या बाईला अन्नापेक्षा झोप हवी असते. एका पाजण्यानंतर बाळ दुसऱ्याकडे द्या, तिला झोपू द्या, उठल्यावर वाटी द्या.
- दिवसात किती चहा होतो? येणाऱ्या प्रत्येकाबरोबर अर्धा कप म्हटलं तरी पाच-सहा कप होतात आणि भूक मरते. दोन कपांवर थांबा.
- खोलीत शेगडी आहे का? बंद खोलीत कोळशाच्या धुराने डोकं दुखतं, मळमळतं, आणि त्यातल्या विषारी वायूने आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. शेक द्यायचा तर गरम पाण्याच्या पिशवीने द्या.
- सकाळी पहिलं काय पोटात जातं? लाडू आणि तुपाळ खीर असेल, तर दुपारची भूक तिथेच संपते.

> थांबा, आधी डॉक्टर: १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, अंगावरून जाताना घाण वास, तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी, एका पोटरीत सूज आणि दुखणं, दम लागणं, स्तन लाल होऊन थंडी वाजणं. यांपैकी काहीही असेल तर भुकेचे उपाय करत बसू नका. त्याच वेळी दवाखाना गाठा, वाहन नसेल तर १०८ला फोन करा.

## ३. पहिले तीन-चार दिवस: घोट आणि मऊ घास

साध्या बाळंतपणात खाण्याला बंदी नसते. सिझेरियन असेल तर पहिला घोट कधी, पहिला घास कधी, हे ऑपरेशन केलेले डॉक्टर सांगतील तसंच करा. शेजारच्या बाईला काय सांगितलं होतं ते इथे लागू नाही.

सुरुवात पाण्यापासून. "पाणी प्यायलं की पोट सुटतं" हे ऐकून अजूनही कितीतरी बाळंतिणींना वाटीवाटीने पाणी मोजून दिलं जातं. अंगावर पाजायला घेतलं की काही क्षणांत घसा कोरडा पडतो, कारण दूध सोडायला लावणारं संप्रेरक त्या वेळी काम करत असतं. म्हणून प्रत्येक पाजण्याला एक पेला पाणी हाताशी हवंच. पण दूध वाढावं म्हणून तांब्याच्या तांब्या पिऊनही उपयोग नाही. जास्तीचं पाणी लघवीवाटे निघून जातं आणि पोट डबडबून जेवण मागे पडतं.

> तपासा: लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसं. गडद पिवळी आणि थोडीशीच होत असेल तर कमी.

पाण्यानंतर कणीची जिरं घातलेली पेज, भाजलेल्या मुगाचं कढण, गुरगुट्या भात, मेतकूट आणि चमचाभर तूप. वाटी लहान घ्या. भरलेलं ताट पाहून ज्या बाईचा जीव दडपतो, तीच बाई अर्धी वाटी सहज संपवते आणि आणखी दोन घास मागून घेते.

आणि मीठ-आंबटाला घाबरू नका. आळणी खाऊन तोंडाला चव कशी येणार? आमसुलाचं सार, आल्याचा तुकडा लिंबू-सैंधव लावून, ताज्या ताकाला जिरेपूड, वरणाला लसणाची फोडणी, यांनी जीभ जागी होते. रक्तदाब वाढलेला असेल तर मिठाचं डॉक्टरांना विचारा.

## ४. पोट साफ होऊ द्या

हा टप्पा ओलांडून पुढे जाऊ नका. टाके तुटतील या भीतीने बाई शौचाला जायचं टाळते, कोठा जड होतो, भूक आणखी जाते. कुणी लाजेने बोलत नाही, म्हणून जबाबदार माणसाने स्वतःहून विचारावं.

सकाळी उठल्यावर कोमट पाणी आणि रात्री भिजवलेले दहा-बारा काळे मनुके. दोन्ही जेवणांत एक मऊ भाजी: दुधी, दोडका, लाल भोपळा, पडवळ, शेपू, चाकवत. दिवसात एखादं पिकलेलं केळ किंवा पपई. खोलीतल्या खोलीत का होईना, चालणं. तरीही तीन दिवसांत पोट साफ झालं नाही, तर डॉक्टरांकडून शौच मऊ करणारं औषध घ्या. घरगुती जुलाबाचं चूर्ण नको.

## ५. भुकेची वाट न पाहता घड्याळाने खा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, आणि इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. थकलेल्या शरीराची भूक वेळेवर हाक मारत नाही. ती मारेल म्हणून वाट पाहिली की दुपारचे तीन वाजतात, मग डोकं दुखतं, मग चहा-बिस्किट होतं आणि रात्री पुन्हा नको वाटतं. म्हणून जागं असताना दर अडीच-तीन तासांनी काहीतरी खायचं, भूक असो-नसो. थोडंच, पण चुकवायचं नाही.

किती लागतं? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशींनुसार पहिल्या सहा महिन्यांत नेहमीच्या आहारापेक्षा रोज सुमारे ६०० कॅलरी आणि १७ ग्रॅम प्रथिनं जास्त लागतात. घरच्या भाषेत सांगायचं तर नेहमीच्या जेवणावर एक भाकरी, एक वाटी घट्ट वरण किंवा उसळ, एक पेला दूध आणि एक अंडं किंवा एक लाडू. दुप्पट जेवायची गरज नाही. "आता दोघांचं खायचं" असं म्हणून ताटावर ताट वाढलं, की बाळंतीण आधीच हरल्यासारखी होते.

आमच्याकडे बहिणीचा दिवस साधारण असा चालला:

६:३० कोमट पाणी, भिजवलेले मनुके.
८:०० तुपावरचा उपमा, किंवा नाचणीची खीर, किंवा छोटं थालीपीठ आणि दही. सोबत उकडलेलं अंडं.
१०:३० एक फळ आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे.
१:०० भाकरी किंवा पोळी, पालेभाजी किंवा फळभाजी, घट्ट वरण, थोडा भात, तूप एक-दीड चमचा, लिंबाची फोड.
४:०० दूध आणि लाडू (दहाव्या दिवसानंतर).
७:३० मुगाची खिचडी आणि कढी, किंवा भाकरी आणि मटकीची मऊ उसळ.
१०:०० हळदीचं दूध.
रात्रीच्या पाजण्याला डब्यातले दोन खजूर, फुटाणे, पाणी.

वेळा तुमच्या बाळाप्रमाणे सरकतील. जेवण आणि पाजणं एकाच वेळी आलं तर बाळ आधी, पण मग लगेच ताट, "थोड्या वेळाने" नको. त्या थोड्या वेळात बाळ पुन्हा उठतं.

जेवण अगदीच जात नसेल त्या दिवशी भात-भाकरीवरून भांडू नका, आधी प्रथिनाचा पदार्थ द्या: अर्धी वाटी वरण, दही, अंडं, पनीरचे दोन तुकडे. उरलेलं पुढच्या वाटीला.

> नेहमीची चूक: बारशाच्या दिवशी सगळी पंगत उठल्यावर बाळंतिणीला वाढणं. त्या दिवशी तिचं ताट पाहुणे यायच्या आधी, खोलीत, दार लावून.

> नेहमीची चूक: चतुर्थी, एकादशी, नवरात्राचे उपास सुरू ठेवणं, किंवा वजन उतरावं म्हणून रात्रीचं जेवण सोडणं. अंगावर पाजत असताना दोन्ही नको.

## ६. गोळ्यांच्या वेळा लावून घ्या

साधारणपणे बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक लोह-फॉलिक आम्लाची गोळी आणि सहा महिने दिवसातून दोनदा ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम दिलं जातं. या दोन्ही एकत्र घेतल्या तर कॅल्शियममुळे लोह नीट शोषलं जात नाही, म्हणून दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर ठेवा. कॅल्शियम नाश्त्यानंतर आणि दुपारच्या जेवणानंतर. लोह रात्रीच्या जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्याबरोबर. अशा वेळी हळदीचं दूध संध्याकाळी चारला सरकवा. चहा लोहाच्या गोळीच्या आसपास नको.

रिकाम्या पोटी गोळीने मळमळत असेल तर थोडं खाऊन घ्या. तरीही त्रास झाला तर दुसरी कंपनी, दुसरा प्रकार डॉक्टरांकडून मागून घ्या. गोळी परस्पर बंद करू नका. रक्त कमी असणं हेच कितीदा भूक न लागण्याचं कारण असतं. शौच काळसर होते, त्याने घाबरू नका. थायरॉईडची गोळी चालू असेल तर ती सकाळी उपाशीपोटी, आणि लोह-कॅल्शियम तिच्यानंतर चार तासांनी.

## ७. आता लाडू

पोट नीट साफ होतंय, दोन्ही वेळा अर्धं-पाऊण ताट संपतंय, हे दोन-तीन दिवस दिसलं की लाडू सुरू करा. रोज एक, दुपारी चारला, जेवणाच्या जागी कधीच नाही.

पहिला अळिवाचा, कारण तो हलका. पाव वाटी अळीव नारळाच्या पाण्यात दोन तास भिजवा, फुलून वाटी भरेल. त्यात दोन वाट्या ओलं खोबरं आणि वाटी-सव्वा वाटी गूळ घालून मंद आचेवर गोळा होईपर्यंत परता. वेलची-जायफळ. अळीव कोरडं वापरू नका, ते पोटात पाणी ओढून घेतं.

डिंकाचा लाडू तिसऱ्या आठवड्यात. डिंक थोडा थोडा तळा, आतपर्यंत फुलला पाहिजे. कच्चा राहिला तर दाताला चिकटतो आणि पोटाला जड पडतो. मेथीचा लाडू सगळ्यात शेवटी: मेथीचं पीठ आठवडाभर तुपात मुरवलं की कडूपणा मवाळतो. मेथीने रक्तातली साखर उतरते, काहींना पातळ शौच होते. मधुमेहाची औषधं चालू असतील तर विचारल्याशिवाय नको. गरोदरपणात साखर वाढलेली होती त्यांनी लाडू मोजूनच खावेत आणि सहा आठवड्यांनी साखर पुन्हा तपासून घ्यावी.

बाजारातली दूध वाढवणारी चूर्णं, ज्यांवर घटक आणि उत्पादकाचं नावच नाही, ती घरात आणू नका.

## ८. उगाच बंद केलेलं सगळं परत आणा

डाळ वायूची, दही थंड, पालेभाजीने बाळाचं पोट बिघडतं, फळं नकोत. एकेक करत शेवटी ताटात भाकरी आणि तूप उरतं, आणि मग बाळंतीण जेवत नाही म्हणून तक्रार. आईच्या पोटातला वायू दुधात उतरत नाही. दोन दिवसांनी एक पदार्थ या गतीने सगळं परत आणा. बाळ संध्याकाळी रडलं म्हणून लगेच आदल्या दिवशीच्या उसळीला दोष देऊ नका. त्या वयात संध्याकाळी बाळं रडतात. शौचात रक्त, अंगावर चट्टे, वजन न वाढणं असं काही दिसलं तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि काय बंद करायचं ते त्यांनाच ठरवू द्या.

कोकणात आणि गोव्यात एक गोष्ट उलट करायला हवी. दूध येतं म्हणून बाळंतिणीला मोरी, म्हणजे लहान शार्क मासा, देतात. शार्कसारख्या मोठ्या शिकारी माशांच्या अंगात पारा साठतो, सुरमईतही तो जास्त असू शकतो. बांगडा, तारली, मांदेली, ताजे बोंबील खा. आठवड्यातून दोनदा, कमी तिखटाच्या आमटीत.

## ९. दूध पुरतंय का, ते ताटावरून ठरवू नका

आई एक दिवस कमी जेवली म्हणून दूध आटत नाही. दूध येतं ते बाळाच्या ओढण्याने: चोवीस तासांत आठ ते बारा वेळा, मागेल तेव्हा. तपासायचं बाळाकडे बघून.

- पाचव्या दिवसानंतर रोज सहा किंवा जास्त लंगोट ओले होतात का?
- दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत आलं का?

दोन्ही "हो" असेल तर वरचं दूध सुरू करू नका. "नाही" असेल तर आधी पाजण्याची पकड, म्हणजे बाळ स्तन तोंडात नीट धरतंय का, ते दाखवून घ्या. बाळ दवाखान्यात जन्मलेलं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येतात. आईचं खाणं होत नाही, हेही त्यांना सांगा.

## १०. अन्नाने सुटत नाही तेव्हा

पहिल्या दोन आठवड्यांत रडू येणं, चिडचिड, मन भरून येणं बऱ्याच जणींना होतं आणि ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही बाई गप्प असेल, बाळ झोपल्यावरही झोप लागत नसेल, अन्न बघायची इच्छा नसेल, "मला हे जमणार नाही" असं पुन्हा पुन्हा म्हणत असेल, तर तो हट्ट नाही आणि लाडांचा प्रश्नही नाही. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत, पाजत असताना घेता येतील अशी औषधंही आहेत. डॉक्टरांकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले तर एक क्षणही एकटं सोडू नका, सरळ रुग्णालयात न्या.

याच वेळी हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्या. बाळंतपणानंतर काही जणींचं थायरॉईड बिघडतं, आणि थकवा, भूक नसणं हे सगळं "बाळामुळे" म्हणून महिनोन् महिने राहून जातं.

## ११. भूक परत आल्यावर

माझी आली ती दुसऱ्या बाळंतपणात, एकविसाव्या रात्री, पावणेतीन वाजता. बाळ पीत होतं आणि मला एकदम गरम भात खावासा वाटला. डब्यात फुटाणेच होते. दुसऱ्या दिवसापासून आईने झाकणाच्या थर्मासमध्ये वाफाळता मऊ भात आणि वरण भरून ठेवायला सुरुवात केली. तुम्हीही ठेवा, भांडं आधी उकळत्या पाण्याने तापवून घ्या आणि भात कढत असतानाच भरा. कोमट होईपर्यंत उरला तर टाकून द्या, सकाळी तापवून खाऊ नका.

इथून पुढे ताट वाढतं, आणि घरात कुणीतरी "आता बरंच खाते" म्हणतं. ते तिच्यासमोर बोलू नका. सव्वा महिना झाला म्हणून चार वाजताची वाटीही बंद करू नका: सहा महिन्यांनी बाळ वरचं खायला लागल्यावरही, अंगावर पीत असेल तर, आईला रोज ५२० कॅलरी जास्त लागतातच. कामावर जायला सुरुवात कराल तेव्हा स्टुलावरचा तो डबा पर्समध्ये जाऊ द्या.